वायर की वाय-फाय : घरच्या प्रिंटरच्या जोडणीवर एक संवाद

घरातला प्रिंटर वाय-फायवर घेण्यात ओळीने तीन कामे असतात. पहिले रेडिओचे : प्रिंटरने घरच्या राउटरचे नेटवर्क ओळखायचे आणि पासवर्ड देऊन त्यात शिरायचे. दुसरे पत्त्याचे : राउटरने त्याला नेटवर्कमधला एक क्रमांक द्यायचा. तिसरे शोधाचे : संगणकाने किंवा फोनने त्या क्रमांकावरचा प्रिंटर हुडकायचा आणि त्याला समजेल अशा भाषेत काम सांगायचे. तिन्ही जमली तरच पान छापून येते. एखादे अडले तर पडद्यावर बहुधा एकच शब्द उमटतो, ‘ऑफलाइन’, आणि नेमके काय अडले ते त्यावरून कळत नाही.

एवढी खटपट करावी की सरळ यूएसबी केबल लावून मोकळे व्हावे, यावर दोन मते आहेत. ती येथे काका आणि पुतणी यांच्या तोंडी दिली आहेत. काका दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले आणि वाय-फायचे पुरस्कर्ते आहेत. पुतणी एका कार्यालयाचे नेटवर्क सांभाळते. घरात केबलच बरी, असे तिचे मत.

गरज कोणाला?

पुतणी : काका, केबल लावली की संगणकाला प्रिंटर लगेच कळतो. पासवर्ड नाही, पत्ता नाही, शोधाशोध नाही. महिन्याला चार पाने छापणाऱ्या घराने हे दुखणे कशाला विकत घ्यायचे?

काका : अगं, पण छापायचे ते संगणकावर असतेच कुठे? सातबारा, परीक्षेचे हॉल तिकीट, रेल्वेचे तिकीट, शाळेने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला सरावाचा कागद, सगळे फोनवर येते. ते आधी स्वतःलाच मेल करायचे, मग संगणक सुरू करायचा आणि मग छापायचे. घरात फोन चार आणि केबल एक!

पुतणी : निदान वेगाचे तरी मान्य कराल? यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. घरगुती प्रिंटरमधले वाय-फाय बऱ्याचदा ७२ मेगाबिटचे असते आणि हाती त्याच्या निम्मेच लागते.

काका : मान्य. आता हिशेब कर. ए-४ पान, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. प्रत्येकाला रंगांचे तीन बाइट धरले तर २६ मेगाबाइट होतात. सेकंदाला ३५ मेगाबिटने ते सहा सेकंदांत जातात; माहिती आकसून पाठवली तर आणखी लवकर. इंकजेटला तेच रंगीत पान छापायला याहून जास्त वेळ लागतो. मग वाय-फायमुळे खोळंबा झाला असे कसे म्हणायचे?

वेगाच्या मुद्द्यावर काकांचे म्हणणे बरोबर ठरते, पण केबलचा साधेपणा त्यामुळे खोटा पडत नाही. एकाच संगणकावरून छापणाऱ्या घराला केबल पुरते. तिची मर्यादा लांबीची आहे : यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची मानली जाते. प्रिंटर दुसऱ्या खोलीत ठेवायचा असेल किंवा फोनवरून छापायचे असेल, तर वाय-फायचा विचार करावा लागतो.

कोणत्या पट्ट्यावर?

आजचे बहुतेक घरगुती राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर नेटवर्क चालवतात. घरगुती प्रिंटरपैकी अनेकांना, विशेषतः स्वस्त इंक टँक प्रिंटरना, फक्त २.४ चा पट्टा कळतो. खरेदी करतानाच खोक्यावर किंवा माहितीपत्रकात हे पाहून घ्यावे.

पुतणी : आणि त्याच पट्ट्यावर सगळी गर्दी. सोसायटीत शेजारपाजारची वीस नेटवर्के, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा तिथेच.

काका : तो पट्टा सर्वांसाठी खुला आहे, म्हणून गर्दी. आपल्याकडे २००५ मध्ये सरकारने तो परवानामुक्त केला, म्हणून तर घरोघरी राउटर लावता आला. शिवाय २.४ च्या लहरी भिंतींतून ५ च्या लहरींपेक्षा बऱ्या पार होतात. प्रिंटरला काही सिनेमा पाहायचा नाही. त्याला वेग थोडा कमी चालेल, पोच हवी.

पुतणी : पोच आहे, पण नावाचा घोटाळा होतो. आजचे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात. जोडणीच्या वेळी फोन ५ वर असतो आणि प्रिंटर २.४ वर शोधत असतो. प्रिंटर कंपनीचे अ‍ॅप म्हणते, ‘नेटवर्क सापडले नाही.’ घरच्यांना वाटते, प्रिंटर बिघडला.

यावर उपाय सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत, किंवा जोडणीपुरता ५ चा पट्टा बंद ठेवावा. एकदा जोडणी झाली की फोन ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी चालते. राउटर दोघांना एकाच नेटवर्कमध्ये ठेवतो. गर्दीचा त्रास असेल तर २.४ चे चॅनेल हाताने निवडावे. भारतात १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण शेजारशेजारच्या चॅनेलांच्या लहरी एकमेकींवर चढतात. १, ६ आणि ११ ही तीन मात्र एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांतले कमी गर्दीचे घ्यावे.

नेटवर्कचे नाव मराठीत ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी तीन-तीन बाइट घेते. त्यामुळे अशी चिन्हे जेमतेम दहा मावतात. फोनवर ते नाव नीट दिसते, पण प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर अनेकदा चौकोन किंवा प्रश्नचिन्हे येतात. प्रिंटर असलेल्या घरात नाव रोमन अक्षरांत ठेवणे सोयीचे.

पासवर्ड पोचवण्याचे मार्ग

प्रिंटरला कीबोर्ड नसतो, म्हणून पासवर्ड त्याच्यापर्यंत पोचवण्याचे चार मार्ग निघाले. पडदा असलेल्या प्रिंटरवर तो एकेक अक्षर निवडून घालता येतो. पडदा नसेल तर कंपनीच्या अ‍ॅपने : नवा प्रिंटर स्वतःचे तात्पुरते नेटवर्क सुरू करतो, फोन त्याला जोडला जातो आणि घरचा पासवर्ड प्रिंटरच्या हवाली करतो. तिसरा मार्ग तात्पुरती यूएसबी केबल लावून संगणकावरून माहिती भरण्याचा. चौथा म्हणजे डब्ल्यूपीएस : राउटरवरचे आणि प्रिंटरवरचे बटण दोन मिनिटांच्या आत दाबले की पासवर्ड न टाकता जोडणी होते.

काका : मला चौथा आवडतो. दोन बटणे, दोन मिनिटे, संपले.

पुतणी : आणि मी कार्यालयात तो पहिल्याच दिवशी बंद करते. डब्ल्यूपीएसचा दुसरा प्रकार आठ आकडी पिनचा आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. पण राउटर पहिल्या चार आकड्यांचा निकाल वेगळा सांगतो आणि शेवटचा आकडा निव्वळ पडताळ्याचा असतो. म्हणून दहा हजार अधिक एक हजार, फक्त ११ हजार प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ च्या डिसेंबरात जाहीर झाला.

काका : दोष पिनचा आहे, बटणाचा नाही. बटण दाबायला चोराला आधी घरात यावे लागेल.

पुतणी : बरोबर, पण अनेक राउटरांत बटण चालू ठेवले की पिनही चालूच राहते. काम झाले की डब्ल्यूपीएस बंद करायचे, एवढे मान्य असेल तर बटणाला माझी हरकत नाही.

येथे दोघांचे एकमत होते. यात आणखी एक अडथळा येऊ शकतो. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षापद्धत जुन्या प्रिंटरना कळत नाही आणि तिच्याबरोबर डब्ल्यूपीएसही चालत नाही. नवा राउटर बसवल्यावर जुना प्रिंटर पासवर्ड बरोबर असूनही जोडला जात नसेल, तर राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ यांचा मिश्र पर्याय निवडावा. निव्वळ प्रिंटरसाठी सुरक्षा काढून नेटवर्क उघडे ठेवणे हा उपाय नव्हे.

पत्ता कायमचा करणे

पुतणी : काका, तुमच्या वाय-फायचा खरा त्रास पहिल्या दिवशी होत नाही. पहिल्या दिवशी सगळे छापते. तीन आठवड्यांनी रात्री दहाला मुलाचा प्रकल्प छापायचा असतो, तेव्हा ‘ऑफलाइन’ येते.

काका : येते, पण दोष लहरींचा नसतो, पत्त्याचा असतो. टेलिफोन एक्स्चेंजने रोज सकाळी गिऱ्हाइकाचा नंबर बदलला, तर जुन्या डायरीचा काय उपयोग?

राउटर प्रत्येक उपकरणाला १९२.१६८.१.५० यासारखा आयपी पत्ता देतो, पण तो ठरावीक मुदतीपुरताच. अनेक राउटरांत ही मुदत २४ तासांची असते. उपकरण चालू असेल तर तेच मुदत वाढवून घेते. प्रिंटर मात्र अनेक दिवस बंद राहतो. तेवढ्यात त्याचा पत्ता दुसऱ्या कोणाला जातो आणि प्रिंटरला नवा मिळतो. संगणक जुन्या पत्त्यावर काम पाठवत राहतो आणि पलीकडून उत्तर येत नाही.

काका : म्हणून मी प्रिंटरच्या मेनूत जाऊन पत्ता हाताने ठोकून बसवतो.

पुतणी : त्यात धोका आहे. राउटरला ते माहीत नसते. तोच पत्ता तो उद्या एखाद्या फोनला देईल आणि दोघे भांडतील. त्यापेक्षा राउटरमध्येच पत्ता राखून ठेवा. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातून मॅक क्रमांक मिळालेला असतो. या मॅक क्रमांकाला हाच आयपी पत्ता, अशी नोंद राउटरमध्ये केली की प्रश्न मिटला.

पुतणीने सांगितलेला मार्ग अधिक चांगला आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असा पर्याय असतो. मॅक क्रमांक प्रिंटरमधून निघणाऱ्या नेटवर्कच्या माहितीपानावर छापलेला असतो.

वीज गेल्यानंतरची अडचणही पत्त्याचीच असते. वीज आल्यावर प्रिंटर राउटरच्या आधी जागा झाला, तर त्याला पत्ता देणारे कोणी नसते आणि तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. असा पत्ता दिसला तर राउटर पूर्ण सुरू होऊ द्यावा आणि मग प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करावा.

दिसत का नाही?

प्रिंटर नेटवर्कमध्ये आहे, पत्ताही आहे, तरी फोनच्या यादीत तो येत नाही, अशीही वेळ येते. फोन आणि संगणक प्रिंटर शोधताना घरच्या नेटवर्कमध्ये एक हाक मारतात. प्रिंटर तिला नाव आणि पत्ता सांगून ओ देतो. ही हाक घरच्या नेटवर्कबाहेर जात नाही. म्हणून दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कमध्ये असावी लागतात.

पुतणी : घरोघरी ती नसतात! पाहुण्यांसाठी केलेल्या गेस्ट नेटवर्कवर फोन असतो. किंवा सिग्नल मिळेना म्हणून आतल्या खोलीत दुसरा राउटर लावलेला असतो आणि तो स्वतःचे वेगळे नेटवर्क काढतो. किंवा लॅपटॉप कार्यालयाचा असतो आणि त्यावर व्हीपीएन चालू असते. मग त्याला घरातला प्रिंटर कसा दिसणार?

काका : ही सगळी कारणे मोजकी आणि ठरलेली आहेत. फोन मुख्य नेटवर्कवर घ्यायचा, दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावायचा, छापण्यापुरते व्हीपीएन बंद करायचे.

पुतणी : आमच्या कार्यालयात व्हीपीएन बंद करायला परवानगी नाही. अशा लॅपटॉपला केबलच लावा, आणि तीसुद्धा चालते का ते आधी विचारा.

विंडोजमध्ये आणखी एक कारण असते. घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल तर संगणक शेजारची उपकरणे शोधत नाही. ते ‘प्रायव्हेट’ करावे लागते.

बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवण्याची एक खात्रीची कसोटी आहे. प्रिंटरचा आयपी पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकावा. बहुतेक नेटवर्क प्रिंटर स्वतःचे एक छोटे पान दाखवतात, त्यात शाईची पातळीही दिसते. ते पान उघडले तर रेडिओ आणि पत्ता दोन्ही ठीक आहेत. दुरुस्ती संगणकातल्या प्रिंटरच्या नोंदीत करायची. तेथे आपोआप तयार झालेल्या डब्ल्यूएसडी पोर्टऐवजी टीसीपी-आयपी पोर्ट करून त्यात राखीव पत्ता भरला की खोटे ‘ऑफलाइन’ बरेचदा जाते. ते पान उघडलेच नाही, तर संगणकातला प्रिंटर काढून पुन्हा बसवण्यात वेळ घालवू नये. आधी दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कमध्ये आहेत का आणि प्रिंटरला पत्ता मिळाला आहे का, ते पाहावे.

अ‍ॅप, ड्रायव्हर की सामाईक भाषा?

काका : कंपनीचे अ‍ॅप सगळे करून देते. ते वापरावे.

पुतणी : जोडणीपुरते वापरावे. त्यानंतर ते खाते उघडायला सांगते, शाई विकते आणि कधी तरी बंद पडते. गूगल क्लाउड प्रिंट आठवते ना? कुठूनही छापा म्हणत होते. २०२० अखेर बंद झाले. ज्यांचे छापणे त्यावर अवलंबून होते, त्यांना नवी व्यवस्था शोधावी लागली.

आज या प्रश्नाचे उत्तर बरेच सोपे झाले आहे. अ‍ॅपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणले. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मोप्रिया ही संस्था स्थापन केली. तिची पद्धत अँड्रॉइडमध्ये आता मुळातच असते. या दोन्हींच्या मुळाशी इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी ही एकच भाषा आहे. तिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. प्रिंटर ती बोलत असेल तर प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये कंपन्यांच्या वेगळ्या ड्रायव्हरांची सोय टप्प्याटप्प्याने आवरती घेत असल्याचे जाहीर केले. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट आणि मोप्रिया ही नावे पाहावीत. ती असतील तर छापण्यासाठी कंपनीच्या अ‍ॅपवर विसंबावे लागत नाही. स्कॅनिंग आणि शाईच्या नळ्यांची सफाई यांसाठी मात्र ते उपयोगी पडते.

सुरक्षितता

पुतणी : केबलवरचा प्रिंटर फक्त त्याच्या संगणकाचे ऐकतो. नेटवर्कवरचा प्रिंटर हा स्वतः एक छोटा संगणक असतो. २०१८ च्या अखेरीस एकाने इंटरनेटवर उघड्या पडलेल्या प्रिंटरना यूट्यूबवरच्या एका वाहिनीची जाहिरात छापायला लावली. त्याच्याच सांगण्याप्रमाणे ते सुमारे ५० हजार होते.

काका : ‘उघड्या पडलेल्या’ हे महत्त्वाचे. घरच्या राउटरमागे बसलेला प्रिंटर बाहेरून दिसत नाही. कोणी मुद्दाम पोर्ट उघडले, तरच.

पुतणी : मुद्दाम किंवा नकळत. म्हणून यादी लक्षात ठेवा : प्रिंटरसाठी राउटरमध्ये पोर्ट उघडायचे नाही, प्रिंटरच्या पानाचा मूळ पासवर्ड बदलायचा, फर्मवेअर अद्ययावत ठेवायचे. प्रिंटर विकताना किंवा कोणाला देताना तो मूळ स्थितीत आणायचा, कारण घरच्या वाय-फायचा पासवर्ड त्याच्या पोटात असतो.

काकांना या यादीत वगळण्यासारखे काही सापडत नाही.

राउटरच नसेल तर

घरात राउटर नाही, इंटरनेट फक्त फोनवर आहे, अशा घरांसाठी वाय-फाय डायरेक्ट आहे. २०१० पासून उपकरणांना या सोयीचे प्रमाणपत्र मिळू लागले. प्रिंटर स्वतःचे नेटवर्क काढतो आणि फोन थेट त्याला जोडला जातो. अधूनमधून छापणाऱ्याला ते पुरते. मात्र अनेकदा तेवढ्या वेळात फोनचे दुसरे वाय-फाय सुटते. पाहुण्यांना घरचा पासवर्ड न देता छापू देण्यासाठीही ही सोय वापरता येते.

निर्णय

काका : म्हणजे वाय-फाय घ्यावे, हे शेवटी ठरले.

पुतणी : ज्या घरात एकाहून जास्त जण छापतात, तिथे ठरले. एकाच संगणकावर काम चालत असेल तर केबल काढू नका.

दोन्ही मतांमध्ये तथ्य आहे आणि निवड घराच्या गरजेवरून ठरते. एकच संगणक किंवा कार्यालयाच्या नियमांनी बांधलेला लॅपटॉप असेल तर केबल. अनेक फोन किंवा अनेक खोल्या असतील तर वाय-फाय. काही प्रिंटरांत दोन्ही जोडण्या एकाच वेळी चालतात; तसे असेल तर दोन्ही ठेवाव्यात. वाय-फाय निवडणाऱ्याने क्रम मात्र सोडू नये : आधी २.४ चा पट्टा आणि पासवर्ड, मग राउटरमध्ये राखीव पत्ता, मग संगणकावर आणि फोनवर त्या प्रिंटरची नोंद. यातले मधले काम लोक सर्वांत जास्त टाळतात आणि पुढचा मनस्ताप त्यातूनच येतो. जोडणीच्या दिवशीच पत्ता राखून ठेवावा आणि तो कागदावर लिहून प्रिंटरच्या पाठीला चिकटवावा. पुढच्या वेळी ‘ऑफलाइन’ दिसले की आधी तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहावा आणि दुरुस्ती तेथून सुरू करावी.